शेवग्याचा पाला की लोहाची गोळी?

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन आठवर आलं, की 'शेवग्याची भाजी खा, गोळ्या कशाला?' म्हणणारे घरोघरी भेटतात. हिशेब बघा. 100 ग्रॅम पाल्यात लोह साधारण साडेचार मिलीग्रॅम, त्यातलंही थोडंसंच अंगी लागतं. सरकारी लाल गोळीत 60 मिलीग्रॅम, वर फॉलिक ॲसिड. अशा वेळी गोळीच, तीही डॉक्टर सांगतील तशी.

गोळीनं मळमळतं, शौचाला घट्ट आणि काळं होतं. म्हणून कित्येक पाकिटं फडताळातच राहतात. त्याबद्दल दवाखान्यातल्यांनी बाईला आधीच सांगायला हवं, ते सहसा राहूनच जातं.

पाल्यात कॅल्शियम, प्रथिनंही भरपूर. मूगडाळ घालून परतावा, वर लिंबू पिळावं, म्हणजे लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, गोळीवरही नको.