गुहागरचा पत्ता लावलेला चावीवाला

गुहागर, दापोली, हर्णै या पट्ट्यात गाडीची चावी हरवली की पहिली अडचण अंतराची. आमची वेळणेश्वरच्या पुळणीत पडली, तीही शनिवारी दुपारी. आमच्या गाडीच्या कंपनीचं त्यातल्या त्यात जवळचं सर्व्हिस सेंटर रत्नागिरीला, मध्ये जयगडची खाडी. तिथल्या माणसाने फोनवर सरळ सांगितलं, सोमवारी आरसी आणि आधार घेऊन या, चॅसिस नंबरवरून चावी मागवू, यायला आठ-दहा दिवस धरा. गाडी आम्ही जुनी घेतलेली आणि पहिल्या मालकाकडून एकच चावी मिळालेली. नाहीतर पुण्याहून एसटीच्या पार्सलने दुसरी मागवली असती आणि विषय तिथेच संपला असता.

मग मॅपवर शोधलं. गुहागरचा पत्ता, दुकानाचा फोटो, भरभरून तारे. फोन उचलणाऱ्याने दर सांगायच्या आधी विचारलं, "परत कधी निघायचंय?" सोमवारी सकाळी ऑफिस आहे म्हटल्यावर दर आला: येण्याचे ३००, चावी १,५०० पासून पुढे. आम्ही उतरलो होतो तिथले काका ऐकत होते. म्हणाले, "गुहागरात असलं दुकान मी तरी बघितलेलं नाय." त्यांचं खरं होतं. त्या पत्त्यावर दुकान नव्हतंच, हे मागाहून कळलं. मुलगा आला तो अंधार पडल्यावर, मोटारसायकलवर, पाठीला बॅग.

दार त्याने दहा मिनिटांत उघडलं. कुलपाच्या खाचा वाचून चावीचं पातं कापलं, तेही सफाईने. हात चांगला होता, ते नाकारत नाही. पुढे गाडी सुरू होईना, कारण नुसत्या पात्यावर आजकालची गाडी चालत नाही. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची रिंग असते, ती चिप वाचते, आणि चिपचा नंबर गाडीत नोंदलेला असेल तरच इंजिन चालू राहतं. नवी चिप नोंदवायला डॅशबोर्डखालच्या सॉकेटला मशीन जोडावं लागतं. "चिपवाली आहे, ६,५०० होतील," मुलगा म्हणाला. हे फोनवर गाडीचं मॉडेल सांगितलं तेव्हाच त्यांना ठाऊक असणार.

आम्ही कबूल झालो. त्याने स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, बॅटरीची तार काढली, मशीन लावलं. बराच वेळ खुडबुड करून म्हणाला, "ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लॉक झाला साहेब. आता १८,००० लागतील. नको असेल तर मी निघतो, पण गाडी आता कंपनीतही चालू होणार नाही." हे धादांत खोटं, पण रात्री, उघड्या डॅशबोर्डसमोर, ते खोटं ठरवणार कोण? पैसे यूपीआयने गेले ते दुकानाच्या नावावर नाही, भलत्याच एका बाईच्या नावावर. बिल व्हॉट्सअॅपवर येणार होतं. पैसे पोचताच ‘लॉक झालेला’ ईसीएम पाच मिनिटांत सुटला.

इथवरचं सगळं महागात पडलेलं काम म्हणून सोडून दिलं असतं. खरी गोम पुढे आहे. पुण्यात दुसरी चावी करून घ्यायला सर्व्हिस सेंटरला गेलो, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने स्टिअरिंगखालचं कव्हर काढून मला जवळ बोलावलं. नोंदवलेली चिप त्या तारेच्या रिंगेलाच काळ्या टेपने चिकटवलेली होती. आमच्या हातात दिलेली चावी म्हणजे पोकळ प्लास्टिक आणि पातं. गाडीला चोवीस तास चिप दिसत होती, त्यामुळे त्या खाचांची कुठलीही साधी चावी, बाजारात शे-दोनशे रुपयांत कापून मिळते ती, आमची गाडी घेऊन जाऊ शकत होती. आणि स्कॅनरवर दोन चाव्या नोंदलेल्या दिसल्या. जुन्या पुसून त्याने नव्याने दोन घातल्या होत्या. एक टेपखाली. दुसरी कुठे आहे ते तो जाणे.

दोन्ही नोंदी पुसल्या, तरी पात्याच्या खाचा त्याला माहीतच. म्हणून दारांची आणि इग्निशनची कुलपंही बदलली. विम्यासाठीही हे गरजेचं होतं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या हजर करायला सांगते.

तक्रारीचं काय झालं? पोलिसांनी अर्ज घेतला, पण "काम करून दिलंय ना त्याने?" हा प्रश्न आलाच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, माझ्याकडे बिलच नव्हतं. तो मोबाइल नंबर आता बंद आहे.

सगळे चावीवाले असे नसतात, उलट बाजारपेठेत वर्षानुवर्षं टपरी टाकून बसलेला माणूस हेच काम निम्म्याहून कमी पैशांत नीट करतो. गॅरेजवाल्याला किंवा मुक्कामाच्या मालकाला विचारून असा माणूस गाठा. तो आरसी मागेल, आणि न मागणाऱ्यापासूनच लांब राहा. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून, चिपसकट पूर्ण रक्कम त्याच्याकडून आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स आहे का तेही बघा. टो करून थेट कंपनीत नेणं अशा वेळी स्वस्त पडू शकतं. काम झाल्यावर किती चाव्या नोंदल्या, हे मशीनच्या पडद्यावर दाखवायला लावा आणि तेवढ्या मोजून हातात घ्या.

आणखी एक, हे त्या मेकॅनिकनेच शिकवलं. चावी फिरवून सुरू होणारी गाडी असेल तर नव्या चावीच्या डोक्याला पोळ्या गुंडाळायची फॉइल दोन-तीन पदरी घट्ट लपेटा आणि गाडी सुरू करून बघा. चिप चावीत असेल तर इंजिन सहसा सुरू होत नाही, किंवा क्षणभर चालून बंद पडतं. फॉइलसकट बिनतक्रार चालू राहिलं, तर चावीवाल्याला तिथेच थांबवा आणि स्टिअरिंगखालचं कव्हर उघडायला सांगा.