३६० रुपयांचा काटा आणि शेटाणीची चार पिल्लं

साताऱ्यात माझं किराण्याचं दुकान आहे. तीस वर्षं काट्यामागे उभा आहे, त्यामुळे काट्याविषयी दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. हा काटा म्हणजे ऑनलाइन मिळणारा पांढरा, सपाट, दहा किलोचा किचन काटा. किंमत ३६० रुपये, दोन पेन्सिल सेलवर चालतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण खोक्यावर एक नाव, काट्यावर दुसरं आणि बिलावर तिसरंच होतं.

घेतला तो स्वयंपाकासाठी नाही. ऑगस्टात, धो धो पावसात, पुतणी एक खोकं घेऊन दारात उभी राहिली. आत एक करड्या रंगाची मांजर आणि तिची एका दिवसाची चार पिल्लं, नाळेचे तुकडे अजून पोटाला लोंबतायत. "काका, आठच आठवडे. फॉस्टर म्हणून." म्हणजे सांभाळायचं, पण आपलं म्हणायचं नाही. बायकोने मागची खोली रिकामी केली, म्हणजे मला विचारायचा प्रश्नच उरला नाही. पिल्लांची नावं मी दुकानातूनच काढली: गूळ, मिरी, खोबरं, तीळ. आई अशी ऐटीत बसायची की ती शेटाणी झाली.

पुतणीने जाताना एकच बजावलं, रोज त्याच वेळी वजन करा. दुकानातला काटा तीस किलोचा, पण तो पाच-पाच ग्रॅमच्या उडीने चालतो. तांदळाला ठीक. नुकतं जन्मलेलं पिल्लू भरतं शंभर ग्रॅमच्या आसपास आणि रोज वाढतं दहा-पंधरा ग्रॅम. पाचच्या उडीत काय दिसणार? म्हणून एका ग्रॅमचा हा काटा दुसऱ्या दिवशी मागवून घेतला. त्या दिवसापुरता शेजारच्या केकवाल्या वहिनींचा आणला.

आल्या आल्या माझी शिक्क्याची वजनं ठेवून पाहिली. ५० ला ५०, १०० ला १००, २०० ला २००, ५०० ला ४९९. वजन कडेला सरकवलं तरी एखाद्या ग्रॅमचा फरक. याच्यावर माल विकता येणार नाही, शिक्का नाही त्याला, पण पिल्लं काही ग्राहक मंचात जात नाहीत.

आता काट्याने काय केलं ते सांगतो. उधारीच्या जुन्या वहीत चार खाती पाडली होती. गूळ १०८, मिरी १०१, खोबरं ९८, तीळ ८६. दुसऱ्या दिवशी तिघांच्या नावावर दहा-अकरा जमा, तीळ ८५. तिसऱ्या दिवशी तीळ ८३. डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. तोही बाकीच्यांसारखाच आचळ तोंडात धरून पडलेला. पण गूळ त्याला ढकलून पुढे घुसायचा आणि याच्या पोटात काही जात नव्हतं. नुसतं बघून ठरवलं असतं तर आणखी एक दिवस गेला असता, आणि एवढ्या जिवाला एक दिवस म्हणजे फार.

डॉक्टरांनी मांजराच्या पिल्लांची दूध पावडर लिहून दिली. गाईचं दूध अजिबात नाही, त्याने जुलाब लागतात आणि पिल्लू सुकतं. मी घरी येऊन सिरिंज भरली आणि तीळला बाळासारखं उताणं मांडीवर घेतलं. नशीब, व्हिडिओ कॉल चालू होता. डॉक्टर ओरडलेच. पिल्लू पोटावरच पाहिजे, आईला पितं तसं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. आणि अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही. मग गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवली. अर्ध्याच, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता आलं पाहिजे. दर दोन-अडीच तासांनी थेंबथेंब. पाजून झालं की शेटाणी त्याला चाटून शी-शू करवायची, कारण या वयात पिल्लांना ते आपलं आपण जमत नाही. पाचव्या दिवशी तीळ ९१. मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगत सुटलो.

आता काट्याचे दोष. हा मेला दीड-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो. पिल्लू ठेवावं, ते वळवळतंय, आकडा ९८, १०४, ९६ असा नाचतोय, आणि ऐन वेळी पडदा कोरा. पुन्हा चालू केला की पिल्लासकट शून्य दाखवतो. त्यावर उपाय असा की आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जुना पंचा घालून त्याचं वजन एकदाच वहीत लिहून ठेवलं, १४२. मग शून्य करायच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ वजाबाकी. डब्यात अंधार आणि ऊब मिळाली की पिल्लू दोन क्षण शांत होतं, तेवढ्यात आकडा टिपायचा. पडद्याला उजेडही नाही. शेटाणीला खोलीत मोठा दिवा खपत नसे. एकदा मी ट्यूब लावून वजनं केली तर रात्रीत चारही पिल्लं मानगुटीला धरून तिने पलंगाखाली नेली.

सर्वांत मोठा घोटाळा बाराव्या दिवशी. तोवर गुळाचे डोळे उघडले होते, वजनं दुपटीच्या वर गेली होती, आणि अचानक चौघंही वीस-पंचवीस ग्रॅमनी खाली. रात्री अकराला पुतणीला उठवलं, ती डॉक्टरांना उठवणार होती. मग बायको म्हणाली, "अहो, आधी तुमचं वजन ठेवून बघा की." ठेवलं. शंभरला ८८. सेल संपत आले होते आणि काटा ते न सांगता खोटं बोलत होता. माझं मलाच हसू आलं. सगळ्याच गिऱ्हाइकांचा माल एकदम कमी भरला तर दोष काट्याचा असतो, हे मी नोकरांना शिकवतो! त्यानंतर रोज सकाळी आधी शंभरचं वजन, मग पिल्लं.

दोन आठवड्यांनी जंताचं औषध सुरू झालं. त्याचा डोस वजनावर असतो, तिथे हा काटा पुन्हा कामी आला. चौथ्या आठवड्यापासून डब्यात कोणी राहीना, तेव्हा दुकानाची कापडी पिशवी घेतली. शेटाणीलाही अधूनमधून तोलायचो. मधे ती २ किलो ७०० पर्यंत उतरली होती. पाजणाऱ्या मांजरीला पिल्लांचंच खाणं द्या, दिवसातून चार वेळा, असं सांगितल्यावर भरून आली. एकदा मिरीने काट्यावरच शू केली, ती बटणात गेली. तेव्हापासून चालू करायला अंगठ्याने जोर द्यावा लागतो. आधीच वरून पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा.

पाचपैकी चार तारे. एक सेलसाठी कापला. थोडे जास्त पैसे घालून उजेडाचा पडदा आणि सेल संपल्याची खूण असलेला मिळाला तर तो घ्या.

वहीतली शेवटची पानं: गूळ ९४०, कऱ्हाडला. मिरी आणि खोबरं जोडीने, पुण्याला. तीळ ८३५, केकवाल्या वहिनींकडे. शेटाणीचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, तिला न्यायला अजून कोणी आलेलं नाही. पुतणी विचारते, जाहिरात टाकू का? बायको म्हणते, टाक की, घाई काय आहे. काल ती ३ किलो ४५० भरली.