मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल सील: दुसऱ्यांदा बदलल्यावर आठ महिने

आमचं शेत भोरच्या पुढे, नीरा देवघर धरणाच्या बाजूला. शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे एक ओढा आणि नुसता चिखल. त्यासाठीच ही जुनी पेट्रोल फोर-बाय-फोर ठेवलीय. तिच्या मागच्या डाव्या चाकाचं ऑइल सील, म्हणजे अ‍ॅक्सलमधलं तेल चाकाकडे येऊ न देणारी रबरी चकती, मी दोनदा बदललं. पहिलं पाच महिन्यांत गळायला लागलं. दुसरं मे महिन्यात टाकलं, ते आठ महिने, सहा हजार किलोमीटर आणि अख्खा पावसाळा काढून कोरडं आहे. सील दोन्ही वेळेस एकाच मेकचं, एकाच मापाचं. त्यामुळे दोष सीलचा नव्हता, हे आता छातीठोकपणे सांगतो.

पहिल्यांदा कळलं ते चढावर हँडब्रेक धरेना म्हणून. ब्रेकचा ड्रम काढला तर आतले लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे पट्टे) तेलाने माखलेले. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा) गळत असेल असंही वाटू शकतं, पण ब्रेक ऑइल पातळ असतं आणि अ‍ॅक्सलमधलं गियर ऑइल दाट. त्याचा गंधकासारखा उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही. त्या वेळी गॅरेजमध्ये जुनं सील उचकटलं, नवं ठोकलं, लायनर पेट्रोलने धुऊन परत लावले. दोन तासांत गाडी हातात. मला तेव्हा ते बरं वाटलं होतं.

मे महिन्यात मात्र गावातल्या मिस्त्रींबरोबर दोन दिवस बसलो. त्यांनी सीलला हात लावायच्या आधी हाउसिंगवरचा (अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचावरचा) ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची छोटी वाट, काढून दाखवला. चिखलाने ठार बंद! गाडी पळाली की आतलं तेल आणि हवा तापते, हवेला बाहेर पडायला वाट नसली की ती सीलच्या ओठातून (शाफ्टला टेकणाऱ्या कडेतून) तेल ढकलते. आणि तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की उलटं होतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. आमचं तेल काढलं तेव्हा ते दुधाच्या चहासारखं दिसत होतं. ब्रीदरच्या जागी निपल बसवून तेल सोसणारा रबरी पाइप वर बॉडीपर्यंत नेला, तोंड खाली वळवून. खर्च किरकोळ, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच.

दुसरं कारण बेअरिंग. ड्रम उलटा लावून त्याच्याच ठोक्यांनी चाक फिरवणारा शाफ्ट बाहेर ओढला, तर बेअरिंगमध्ये हाताला जाणवेल इतका प्ले (ढिलाई). शाफ्ट डुगडुगत असेल तर कुठलंही सील टिकणार नाही. बेअरिंग धरणारी कडी ग्राइंडरने अर्धवट कापून छिनीने फोडली, शाफ्टला ओरखडा न लागू देता. ती कडी परत वापरायची नसते. नवी कडी आणि बेअरिंग लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घेतली. शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला लागत होती, म्हणून नवं सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवलं, म्हणजे त्याचा ओठ गुळगुळीत जागेवर आला. आमच्या हाउसिंगमध्ये तेवढी जागा होती. नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवतात.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला ग्रीस, आणि ठोकायला सीलच्या मापाची जुनी बेअरिंगची रेस (पोलादी कडी). शाफ्ट आत सरकवताना दोघे लागतात. त्याचं वजन क्षणभर जरी ओठावर टेकलं तरी सगळी मेहनत पाण्यात.

लायनर या वेळी दोन्ही चाकांचे नवे टाकले. तेल प्यायलेला लायनर धुऊन वापरू नका, कृपा करून. वरंधा घाट उतरताना मागचं एक चाक कमी धरतंय हे मी अनुभवलंय, बरोबर घरची माणसं होती.

अ‍ॅक्सलचं गियर ऑइल ८०डब्ल्यू-९० (दाटपणाचा आकडा), जीएल-५ (दर्जा). भरायची झाकणी सुटते का ते आधी बघा, मगच खालची उघडा. सपाट जागेवर भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा, त्यावर नाही.

पावसाळ्यानंतर तेल पुन्हा काढून पाहिलं, स्वच्छ निघालं. उजव्या चाकाच्या आत मात्र आता किंचित ओल दिसतेय. त्या बाजूचं बेअरिंग तेव्हा बदललं नव्हतं. बेअरिंग, कडी, सील आणून ठेवलंय, भाताच्या गोणी घरी आल्या की ती बाजू उघडणार आहे.