वाड्यावर गार्डन हवं की झाडाखालचा कट्टा?

गोव्यात वाड्यासाठी, म्हणजे गावातल्या वस्तीसाठी, पंचायतीकडे थोडा निधी आला की पहिली मागणी गार्डनची होते, कुंपण, गेट, पेव्हर, झोपाळे. झोपाळ्यांचं मला पटतं, लहान मुलं गाड्यांपासून लांब खेळतात आणि आयांची आपसात ओळख होते. पण गार्डनला मुद्दाम जावं लागतं, गेटची वेळ ठरलेली, आणि बाकडी बरेचदा एका रांगेत ठोकलेली, बोलायचं तर मान वाकडी करून.

कट्टा वाटेवरच असतो, मडगावचा पिंपळकट्टा कसा भर शहरात आहे तसा. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा हॉर्न वाजवत आला की चारजणं पिशव्या घेऊन बाहेर पडतात, पाव घेऊन झाले तरी लगेच कोण हलत नाही, कारण टेकायला जागा आहे, मग कोणाची आई आजारी, कोणाकडे पाणी आलं नाही, सगळं तिथेच कळतं. शहरातल्या जागांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन विल्यम व्हाइटने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचं शूटिंग करून हेच दाखवलं, बसायला जागा असते तिथेच लोक बसतात. आपल्या जुन्या घरांच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, तर समोरासमोर बसायची सोय आधीपासून आहे!

एकाचेच पैसे असतील तर मी कट्टाच म्हणेन. फक्त तो पुरुषांचाच अड्डा होऊ नये, म्हणून दुकानाजवळ, चांगल्या उजेडात बांधा, म्हाताऱ्यांना पायरी आणि धरायला रेलिंग द्या, आणि प्लीज बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतू नका, मुळांना माती राहू दे.