पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसला म्हणजे तो भरला असं समजू नका

चाकण, महाळुंगे, कुरुळी, खालुंब्रे या पट्ट्यात ठेकेदारामार्फत कामाला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. मराठवाड्यातून, विदर्भातून पोरं येतात, रूमवरच्या गाववाल्याच्या ओळखीनं गेटवर उभी राहतात आणि दुसऱ्या दिवशी मशिनवर असतात. मीही परभणीकडून असाच आलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, प्रेस शॉपला. कंपनीचं आणि ठेकेदाराचं नाव देत नाही, कारण आमची तक्रार अजून पीएफ ऑफिसात चालू आहे. पण पद्धत सगळीकडे तीच आहे, म्हणून ती नीट समजून घ्या.

आमच्या स्लिपवर बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,००० रुपये होतं. त्याचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये दर महिन्याला कापलेले दिसायचे. तेवढेच मालकानं त्याच्या बाजूनं घालायचे असतात. त्यातले हजाराच्या आसपास पेन्शनला जातात, उरलेले आपल्या खात्यात. म्हणजे एका कामगाराचे महिन्याला २,८८० रुपये, आणि ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरले गेले पाहिजेत. आमच्यात काही जणांच्या स्लिपवर मालकाचा हिस्साही पगारातूनच वजा केलेला होता. हे सरळ बेकायदेशीर आहे. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापताच येत नाही, मग ऑफर लेटरवर काहीही लिहिलेलं असो.

पीएफचं पासबुक बघायचं म्हटलं तर ओटीपी लागतो. तो आमच्या मोबाईलवर यायचाच नाही. जॉइनिंगच्या वेळी ठेकेदाराच्या ऑफिसातल्या माणसानं सगळ्यांच्या फॉर्मवर त्यांचाच एक नंबर टाकून ठेवला होता. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर्व्हर डाऊन आहे रे, पुढच्या महिन्यात दिसेल." जास्त विचारणाऱ्याला सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलायचा आणि गेटपास काढून घ्यायची धमकी द्यायचा. सलग नाइट लावायची, वडील वारले तरी तिसऱ्या दिवशी फोन करून बोलवायचं, हेही त्यातलंच. एका पोराची रजा दशक्रियेच्या दिवशीही मंजूर केली नाही. तो गेलाच, आणि परत आला तेव्हा पंचिंग बंद झालं होतं. भीती अशी बसली की शाळा शिकलेली, हिशेब कळणारी पोरंसुद्धा गप्प राहिली. ही भीती मुद्दाम घातली जाते. पैसे खायचे असतील तर आधी माणसं गप्प बसवावी लागतात.

काही महिन्यांनी 'ब्रेक' द्यायचे. वर्षात २४० दिवस काम भरलं की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं, ते दिवस भरू नयेत म्हणून थोडे दिवस घरी बसवायचं आणि परत घेताना ठेकेदाराच्या दुसऱ्या फर्मचं नाव लावायचं. मालक तोच, सुपरवायझर तोच, मशिनही तेच. दिवाळीला बोनस बँकेत जमा झाला आणि त्याच संध्याकाळी रूमवर माणूस आला, निम्मे रोख परत मागायला. कंपनीच्या कागदावर मात्र बोनस पूर्ण दिलेला दिसतो.

शेवटी एका मित्रानं आधारवरून स्वतःचा मोबाईल नंबर यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरला, जोडून घेतला, तेव्हा पासबुक उघडलं. एकाच यूएएनखाली दोन मेंबर आयडी, म्हणजे दोन फर्मची दोन खाती. पहिल्यात सुरुवातीचे थोडे महिने भरलेले, पुढे काहीच नाही. दुसऱ्यात भरणा होता, पण ज्या महिन्यात आम्ही रविवारीसुद्धा कामावर होतो त्या महिन्यातही निम्मे दिवस बिनपगारी दाखवलेले. दिवस कमी दाखवले की पगार कमी दिसतो आणि भरणाही कमी करावा लागतो. स्लिपवर मात्र कपात पूर्ण.

आम्ही कंपनीच्या एचआरकडे गेलो, तर त्यांनी फाइल काढून चलन, म्हणजे पीएफ भरल्याची पावती, दाखवलं. "हे बघा, भरलंय की." चलनावर फक्त एकूण रक्कम असते. कोणाचे पैसे भरले ती नावांची यादी वेगळी असते. ती मागितल्यावर कळलं की त्या चलनातली नावं ठेकेदाराच्या दुसऱ्या साइटवरच्या कामगारांची होती. कंपनीनं बिल पास करताना ती यादी एकदाही पाहिली नव्हती. माझा जास्त राग कंपनीवर आहे. कंत्राटी कामगाराचा पीएफ ठेकेदारानं भरला नाही तर तो भरण्याची जबाबदारी कायद्यानं मूळ कंपनीवर येते. ते पैसे ती ठेकेदाराच्या बिलातून वळते करून घेऊ शकते. त्यामुळे "तुम्ही आमचे कामगार नाही, ठेकेदाराशी बोला" असं कुणी म्हटलं तर मागे फिरू नका.

पीएफचा विषय फक्त म्हातारपणाच्या पैशाचा नाही. खातं नियमित चालू असेल आणि कामगार नोकरीत असताना वारला तर घरच्यांना विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. ईएसआयचंही, म्हणजे कामगारांच्या आजारपण-अपघाताच्या सरकारी विम्याचंही, तसंच. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात. आमच्यातल्या एकाचं बोट प्रेसखाली गेलं, तेव्हा दवाखान्यात कळलं की त्याच्या नावानं भरणाच झालेला नाही. खाजगी हॉस्पिटलचं बिल त्याच्या बापानं सोयाबीनच्या पैशातून भरलं.

तुम्ही आज कामावर असाल तर आजच बघा. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा मेसेजनं येतो. येत नसेल तर बहुधा नंबर तुमचा नाही असं धरा आणि पीएफच्या पोर्टलवरून आधार वापरून किंवा पीएफ ऑफिसात जाऊन तो आधी बदलून घ्या. पासबुकातला पगार आणि स्लिपवरचं बेसिक एकच आहे का, तेही पाहा. तक्रार पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करा आणि त्यात ठेकेदारासोबत कंपनीचंही नाव घाला. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाले जिल्ह्यात शिबिर घेतात, तिथे समोरासमोर अर्ज देता येतो. कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, हे अर्जात लिहा.

आमच्या तक्रारीनंतर कंपनीनं काही महिन्यांचे पैसे भरले. बाकीच्या महिन्यांची चौकशी चालू आहे. अडकलेत ते ज्यांच्याकडे एकही स्लिप नाही, कारण त्यांना ती कधी दिलीच नव्हती. अशा पोरांनी बँकेत जाऊन त्या काळाचं स्टेटमेंट काढावं. पगार जमा झालेल्या ओळीत ठेकेदाराच्या फर्मचं नाव येतं, आणि आमच्यातल्या दोघांचं नाव चौकशीत फक्त त्या ओळींवरून घेतलं गेलं. गेटपासचा फोटो, हजेरीचे व्हॉट्सॲप मेसेज, सुपरवायझरनं ओटीला (जादा वेळच्या कामाला) बोलावलेला मेसेज, जे असेल ते जोडा. फोन बदलणार असाल तर त्याआधी ते कुणाला तरी पाठवून ठेवा.