पॉइंट टू टू रायफलसाठी फेल्टचा सफाई-संच : एका पावसाळ्याचा अनुभव

एन.सी.सी.मध्ये पुलथ्रूच्या दोरीला चिंदी अडकवून बॅरल साफ करायला शिकवले होते, आणि पुढे ५० मीटर नेमबाजी सुरू केल्यावरही मी कित्येक वर्षे तीच सवय ठेवली. गेल्या जूनमध्ये मात्र आवरण असलेली सळई, बोअर गाइड (सळई मधोमध सरळ नेण्यासाठी रायफलच्या मागून बसवायची नळी) आणि जर्मनीच्या व्हीएफजी कंपनीचे फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे छोटे तुकडे) असा संच जमवला आणि ठाण्याच्या पूर्ण पावसाळ्यात वापरला. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून नेमबाजीचे) कांस्यपदक मिळवल्यापासून रेंजवर मुले वाढली आहेत आणि त्यांचे पालक सफाईविषयी वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या रायफलची गोळी साध्या शिशाची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा लेप दिलेली असते. त्यामुळे शिसे, मेण आणि काजळी यांचा थर मुख्यतः चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या भागाच्या, लगेच पुढे साचतो. चिंदी तिथून अंग चोरून निघून जाते. फेल्ट मात्र ५.६ मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी घट्ट बसते, आणि सळईची मूठ बेअरिंगवर फिरत असल्यामुळे ते नळीतल्या पीळदार आट्यांप्रमाणे वळत पुढे सरकते. पहिल्यांदा सॉल्व्हंट (मळ सैल करणारे द्रव) लावलेले फेल्ट त्या जागी हाताला स्पष्ट अडले आणि बाहेर आले तेव्हा काळेकुट्ट होते, कडेला शिशाचे चकचकीत कण चिकटलेले. चौथे फेल्ट फिकट राखाडी निघाले, तेव्हा मी थांबले. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करूनच सुरुवात करावी, सळई नेहमी चेंबरकडून घालावी आणि शेवटी हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण ते शिसे आहे.

खाडीकडची दमट हवा लक्षात घेता शेवटचे फेल्ट तेलाचे हवेच. पण पुढच्या सरावाआधी कोरड्या फेल्टने ते तेल पुसणे तितकेच आवश्यक आहे, आणि त्यानंतरही माझ्या रायफलचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा छिद्रांचा पुंजका, दहा-बारा गोळ्यांनंतरच जमतो. रायफल फोमच्या केसमध्ये बंद ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. ऑगस्टमध्ये आठ दिवसांत सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले होते. नळीत मात्र गंजाचा एक ठिपकाही दिसला नाही.

माझी तक्रार फक्त बोअर गाइडबद्दल आहे, आणि तो वेगळ्या दुकानातून घेतला होता. माझ्या रायफलच्या ॲक्शनमध्ये (बोल्ट बसतो त्या भागात) तो सैल बसतो, त्यामुळे सळई मधोमध राहत नाही आणि चेंबरच्या कडेला घासण्याची भीती वाटते. त्यामुळे गाइड घेताना आपल्या रायफलचे मॉडेल सांगून, शक्य असल्यास बसवून पाहूनच घ्यावा. मी आता दुसरा मागवला आहे.