प्लेटवर 15 किलो छापलंय म्हणून ती 15 किलोची नसते

घरी वजनं उचलायला म्हणून ऑनलाइन सेट मागवला, त्यात एकूण गेले 28,450 रुपये. बार (म्हणजे प्लेटा अडकवायची लोखंडी दांडी) 6,900, प्लेटा 65 किलो 160 च्या दराने 10,400, स्क्वॉट स्टँड (बार टेकवायचे खांब) 5,800, बेंच 3,400, वर ट्रान्सपोर्टचे 1,450 आणि गोडाऊनपासून बडोद्यात दांडिया बाजारपर्यंत टेम्पोवाल्याचे 500. माझ्या भिशीचे पैसे होते, घरखर्चातला एक रुपया नाही, तरी घरात अजून ऐकून घेतेय. म्हणून आधीच सांगते, मी न विचारता न बघता पैसे फेकले नाहीत. बिल मागितलं, व्हिडिओ कॉल केला, वजन करून दाखव म्हणलं, विकणाऱ्याने दाखवलंही. याच्यापुढे सामान्य माणसाने अजून काय करायचं ते मला कोणीतरी सांगा.

माझं वय 49. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता बघायची तपासणी) टी-स्कोअर उणे 1.8 आला, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत (उणे 1 ते उणे 2.5 मध्ये असला की ऑस्टिओपेनिया म्हणतात, त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस). डॉक्टर म्हणाल्या नुसतं चालून भागणार नाही, हाडावर भार यायला पाहिजे, वजनं उचला. जिमला जायचं तर सकाळी डबे आणि संध्याकाळी माझ्या शिकवण्या, आणि खरं सांगायचं तर या वयात पंचविशीतल्या पोरांच्या मध्ये उभं राहून बार उचलायची मला लाजही वाटत होती. म्हणून घरीच, खालच्या खोलीत, सुरू करायचं ठरवलं. बायकांचा बार वेगळा असतो हे मी वाचून काढलं होतं, 15 किलोचा, पकड 25 मिलिमीटरची, पुरुषांचा 20 किलोचा आणि 28 मिलिमीटरचा. म्हणजे मी अभ्यास करूनच उतरले होते.

इन्स्टावर जाहिरात आली, मेरठची फॅक्टरी, डायरेक्ट रेट. मेरठला खेळाच्या सामानाचा खरंच मोठा धंदा आहे त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू झालं, माणूस अतिशय गोड, दीदी दीदी करून बोलणारा, मला फॉर्म, म्हणजे उचलताना अंग कसं धरायचं, त्याचे व्हिडिओसुद्धा पाठवायचा. मी म्हणलं वजन करून दाखवा, तर व्हिडिओ कॉलवर 10 ची प्लेट काट्यावर ठेवली, 10.02 आलं. आता मला कळतंय की ती दाखवायची प्लेट वेगळी आणि पाठवायची वेगळी, पण तेव्हा डोळ्यांनी बघितल्यावर अविश्वास कसा दाखवणार. 6,500 ॲडव्हान्स, बाकीचे 20,000 माल निघायच्या आधी, दोन्ही यूपीआयने. आणि खातं फर्मच्या नावाचं नाही, कुठल्यातरी बाईच्या नावाचं. विचारलं तर म्हणाला मम्मी के नाम पे है दीदी, जीएसटी का टेन्शन नहीं रहता. फर्मच्या करंट खात्यात पैसे घेत नसेल तर तिथेच फोन ठेवून द्या.

पैसे गेल्यावर बिल आलं. हे बिल मी आता इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटले तरी दिसतं. वर फर्मचं नाव, लोगो, जीएसटी नंबर, खाली सही-शिक्का, आणि मध्ये एकच ओळ, 'फिटनेस सेट, 1 नग, 26,500'. किलो कुठेच नाही. 65 किलो नाही, बार 15 किलोचा असं नाही, काहीच नाही. किलोच्या भावाने विकलेल्या मालाच्या बिलावर किलो लिहिलेला नाही! भाजीवालासुद्धा किती किलो ते लिहून देतो. तो जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता, 07 म्हणजे दिल्ली, यूपीचा असता तर 09 पाहिजे होता, आपला गुजरातचा 24 असतो. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कोणताही नंबर टाकून बघता येतो, फर्मचं नाव, पत्ता, चालू आहे का रद्द, सगळं दिसतं. नंतर टाकला तर नंबर दुसऱ्याच कोणाचातरी आणि तोही रद्द झालेला. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण शिक्क्याचं बिल हातात आल्यावर ते खोटं धरून तपासायला बसेल असा माणूस माझ्या तरी ओळखीत नाही.

माल आला, गोणपाटात गुंडाळलेला. काळ्या रबरी प्लेटा, पांढऱ्या उठावदार अक्षरात 15, 10, 5, अडीच. दिसायला झकास. मी सुरू केलं, पाच-पाच वेळा उचलायचं असे पाच सेट, आधी नुसता बार, मग दोन्हीकडे सव्वा-सव्वा म्हणजे अडीच अडीच किलो वाढवत जायचं (सव्वाच्या दोन छोट्या लोखंडी प्लेटा भाचीकडून आणल्या होत्या, फक्त त्याच बरोबर वजनाच्या निघाल्या). वहीत लिहायचे. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलायला, एक अडचण आली, स्पर्धेच्या प्लेटा 450 मिलिमीटर व्यासाच्या असतात त्यामुळे बार जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो, माझ्या प्लेटा लहान, बार पार खाली, पाठ वाकायची. तर मी प्लेटांखाली दोन पाट घातले. देवघरातले पाट. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण काम चाललं होतं, आणि वहीत डेडलिफ्ट 50 वर पोचला तेव्हा मी खरंच खूश होते, हाडांसाठी काहीतरी करतेय असं वाटत होतं.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून माझं डोकं तापतं. बार उचलला की डावी बाजू वर यायची, उजवी खाली राहायची. रोज. बाजू बदलून बघायचं डोक्यात आलं नाही, कारण मी त्यालाच फोन केला की असं का होतंय, आणि तो शांतपणे म्हणाला, दीदी आपका राइट साइड वीक है, लेडीज लोगों को शुरू में होता है, एक हाथ की एक्सरसाइज करो. मी केली! उजव्या हाताची वेगळी, उजव्या पायाची वेगळी, पाण्याची बाटली घेऊन, डंबेल घेऊन. माझा उजवा हात अशक्त आहे असं मी धरून चालले, भाकरी थापताना, बादली उचलताना बघत बसायचे की खरंच कमी जोर आहे का. दोष त्याच्या प्लेटांमध्ये होता आणि त्याने तो माझ्या अंगात घातला. पैशाचं मी एकवेळ विसरेन, हे नाही विसरणार.

कारण नवशिक्या माणसाला 15 किलो म्हणजे हाताला किती लागतात हे माहीतच नसतं. जिमला जाणारा पोरगा बार हातात घेतल्या घेतल्या सांगेल हलका आहे. आपल्याकडे तुलनेला काही नसतं, जे छापलंय तेच खरं. हे लोक यावरच जगतात, म्हणून जाहिरातीत 'बिगिनर', 'होम', 'लेडीज' हेच शब्द असतात.

फुटलं ते माझ्या भाचीच्या जिममध्ये. तिने फॉर्म बघायला म्हणून नेलं. रॅकवरचा बायकांचा रिकामा बार काढला आणि तिथेच काहीतरी चुकतंय असं वाटलं, हा माझ्या बारपेक्षा केवढा जड. तरी वहीतला आकडा डोक्यात, 50 लावले. हलला नाही. परत जोर लावला तर कमरेत चमक निघाली, त्याच्या फिजिओचे 2,400 वेगळे गेले ते वरच्या हिशोबात धरलेलेच नाहीत. भाची म्हणाली, मावशी, घरच्या सेटचं वजन केलंस का कधी?

दुसऱ्या दिवशी यांच्या ॲक्टिव्हावर प्लेटा घालून खंडेराव मार्केटला गेलो, ओळखीचा कांदा-बटाट्याचा होलसेलवाला आहे, त्याच्या मोठ्या काट्यावर ठेवल्या. 10 ची पहिली प्लेट, लाल आकडे वरखाली झाले आणि 8.1 वर थांबले. दुसरी ठेवली, 7.4. तो म्हणाला, बेन, आ तो सात किलो चारसो छे, जसं काही मला दिसत नव्हतं. 15 च्या दोन 12.2 आणि 11.6. पाचच्या 4.2 आणि 3.9. अडीचच्या 2.1 आणि 1.9. 65 किलोच्या जागी सगळ्या मिळून 51.4. बार नंतर टेम्पोतून नेला, 9.7 भरला. दोन्ही टोकांचे 50 मिलिमीटरचे नळे आतून पोकळ, झाकण नखाने निघालं. एका प्लेटेची कड सुटली होती तिथून करडी सिमेंटसारखी भुकटी सांडते.

म्हणजे माझे वहीतले 50 हे खरे साडेसदतीस होते. आणि जड प्लेटा योगायोगाने एकाच बाजूला लागायच्या, उजव्या बाजूला 14.3, डावीकडे 13.5, बार तिरका जाणारच. माझा हात ठणठणीत होता.

त्याला फोटो पाठवले. म्हणाला रबर में पाँच-सात परसेंट आगे पीछे होता है. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्लेट छापलेल्या आकड्याच्या पाव टक्क्याच्या आत लागते, घरगुती मालाला तेवढं कोणी मागत नाही, दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालून जातात, पण 10 चे 7.4 म्हणजे 26 टक्के कमी! मग म्हणाला ठीक है दीदी 5,000 रिफंड, क्यूआर भेजता हूँ स्कॅन करो. भाची शेजारी होती, तिने फोन हातातून काढून घेतला. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही, हे माहीत असतं तरी रागाच्या भरात बोट जातं. त्यानंतर त्याने ब्लॉक केलं.

आता तक्रारीचं ऐका. कोणाची नावं घेत नाही. पोलीस स्टेशनात साहेब म्हणाले, बेन, माल तो मळ्यो ने? म्हणजे माल मिळाला, मग चोरी कसली, सिव्हिल मॅटर आहे. सायबरवाल्यांनी विचारलं तुमच्या परवानगीशिवाय पैसे कापले का, नाही म्हणलं तर मग आमच्याकडे बसत नाही. वजनाचं काम बघणाऱ्या एका ऑफिसात गेले, मला वाटलं इथे तरी ऐकतील, वजनाचीच तर फसवणूक आहे. तिथल्या माणसाने बिल बघितलं आणि बोट ठेवलं, यात वजन कुठे आहे? प्लेटवर छापलंय ना, मी म्हणलं. ते छापलेलं म्हणजे डिझाइन समजायचं, बिलावर दाखवा. डिझाइन! कांदेवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड, आणि माणूस ज्याच्याखाली झोपून छातीवरून ढकलतो त्या वस्तूवर कोणीही काहीही आकडा छापावा? प्लेटा पिशवीत घालून नेल्या होत्या, काट्यावर ठेवून बघा एवढंच म्हणत होते, ऑफिसात काटा समोर होता, कोणी उठलं नाही. लंच टाइम झाला, नंतर या. नंतर गेले तर साहेब मीटिंगला. अजून एका खिडकीवर सांगितलं की विक्रेता मेरठचा आहे, मेरठला जाऊन तक्रार करा. 49 वर्षांची बाई 160 रुपये किलोच्या प्लेटांसाठी मेरठला जाणार!

आणि ते साफ खोटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, माल कुठूनही येऊ दे. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन जाते, वकील लागतोच असं नाही. हे मला खिडकीवरच्या एकाही माणसाने सांगितलं नाही, भाचीने शोधलं. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच, त्याच तासात फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत.

यांचं म्हणणं असतं की बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी जागा असताना तुला मेरठ कशाला पाहिजे होतं. बोलायला सोपं आहे, पण त्यातलं एक घेण्यासारखं आहे, की विकत घ्यायच्या आधी कुठल्यातरी चांगल्या जिममध्ये किंवा आखाड्यात जाऊन खरा बार एकदा हातात धरा, दिवसभराचे पैसे द्यावे लागले तरी द्या. 15 चा खरा बार एकदा उचलला असेल तर कोणी 9.7 चा गळ्यात मारू शकत नाही.

आणि जुनं घेतलेलं बरं. आता मी ओतीव लोखंडाच्या सेकंडहँड प्लेटा घेतल्यात, गावातूनच, देणाऱ्याच्या समोर काट्यावर ठेवून, 40 किलो 4,200 ला. गंजलेल्या आहेत पण लोखंडात भुकटी भरता येत नाही. ऑनलाइन घ्यायचंच असेल तर कॅश ऑन डिलिव्हरी किंवा परत घेणारी मोठी साइट, आणि बिलावर प्रत्येक प्लेटेचं वजन वेगळं लिहून घ्या, 'सेट 1 नग' असं बिल देत असेल तर पैसे देऊ नका, कारण पुढे सगळीकडे तेच बिल तुमच्या तोंडावर मारतात. गोणपाट उघडतानाचा व्हिडिओ काढा, एकसलग, आणि त्याच दिवशी किराणावाल्याच्या काट्यावर एक एक प्लेट ठेवून त्याचाही. बार एका बाजूला जात असेल तर आधी प्लेटांची अदलाबदल करा, दुसरी बाजू खाली गेली तर दोष तुमच्यात नाहीये.

माझी तक्रार ऑनलाइन दाखल झालीये, तारीख अजून पडलेली नाही. तोच माणूस आता दुसऱ्या नावाने जाहिरात करतोय, तीच खोली, तोच काटा, तीच 10.02 वाली प्लेट. बडोद्यात अजून कोणी 'फिटनेस सेट 1 नग' असं बिल घेऊन बसलं असेल तर ते फाडू नका, प्लेटांचं वजन करून फोटो काढून ठेवा आणि तुमच्या नावाने वेगळी तक्रार टाका.